माणूस कितव्या कडव्यात मरतो?

२६ एप्रिल २०१३ रोजी शुक्रवार होता. संध्याकाळी अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरातल्या कचेरीतून घरी निघाले तेव्हा गाडीतल्या रेडिओवर कोणतेही स्टेशन लावावे तर एकाच माणसाचा आवाज येत होता. कंट्री संगीतातला थोर गायक जॉर्ज जोन्स त्या दिवशी, वयाच्या ८१ व्या वर्षी, त्याच शहरातल्या एका रुग्णालयात वारला होता. मला तिथे राहायला येऊन दोन वर्षे होत आली होती. पण तोवर हे संगीत हॉटेलात जेवताना किंवा दुकानात रांगेत उभे असताना माझ्या कानांवरून नुसते वाहून जात असे, आणि त्यातले शब्द मी कधी मन लावून ऐकले नव्हते. त्या संध्याकाळी रस्ता तुंबला होता, रेडिओवर पुन्हा पुन्हा एकच गाणे लागत होते, आणि मी ते ऐकले.

गाणे होते ‘ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे’. मराठीत सांगायचे तर, तिच्यावर प्रेम करायचे त्याने आज थांबवले. एका माणसाला त्याची प्रेयसी सोडून जाते. मरेपर्यंत तुझ्यावर प्रेम करीन असे तो तिला म्हणतो आणि ती म्हणते, काळ गेला की विसरशील. वर्षे जातात, पण तो विसरत नाही. भिंतीवर तिची तसबीर तशीच राहते, उशाशी तिची पत्रे राहतात. मग त्याचा मित्र त्याला भेटायला जातो तर त्याच्या डोळ्यांत पाणी नाही, कुठे तरी जायला निघाल्यासारखा तो चांगले कपडे घालून तयार आहे, आणि कित्येक वर्षांनी त्याच्या चेहऱ्यावर हसू आहे. मी सिग्नलला थांबले होते आणि हे ऐकून मला मनापासून बरे वाटले. निघाला एकदाचा, असे मी स्वतःशी म्हटलेसुद्धा. गावाला जात असेल, दुसरी कोणी भेटली असेल. पुढच्या ओळीत दारावर पुष्पचक्र लावल्याचा उल्लेख आला. पण तिथे नाताळात घरोघरी दारावर हिरव्या पानांचे तसे चक्र लावतात, त्यामुळे मला तीही आनंदाचीच खूण वाटली.

सोमवारी कचेरीत हे मी माझ्या विभागातल्या एका बाईंना सांगितले. त्या निवृत्तीला आलेल्या, पूर्व टेनेसीच्या डोंगरांत वाढलेल्या. त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि अगदी हळू आवाजात, स्वतःच्या गावातल्या कोणाची बातमी सांगावी तसे, त्या म्हणाल्या, ‘‘अगं, तो शवपेटीत आहे.’’ मग त्यांनी मला समजावून सांगितले की त्यांच्याकडे गेलेल्या माणसाला त्याचा चांगला सूट घालतात, केस विंचरतात, चेहऱ्यावरचा ताण घालवतात आणि पेटीचे झाकण उघडे ठेवून लोकांना अखेरचे भेटू देतात. दक्षिणेकडे घरात कोणी गेले की दारावर पुष्पचक्र लावण्याची जुनी चाल आहे. पांढऱ्या कापडातले, तुळशीपत्र ठेवलेले, चार खांद्यांवरचे मरण पाहत वाढलेल्या मला हे कसे कळणार होते? मी खजील झाले. मात्र नंतर माझ्या ध्यानात आले की माझी ही चूक गाणे करणाऱ्यांना हवीच होती. मित्र त्याला भेटायला जातो त्या चौथ्या कडव्यात ऐकणाऱ्याने क्षणभर असेच समजावे, त्याला बरे वाटावे, आणि लगेच पुढे येणाऱ्या ध्रुवपदाने त्याच्या पायाखालची जमीन काढून घ्यावी, हाच तर या गाण्याचा घाट आहे. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांना पुष्पचक्राच्या ओळीपाशी कळते. मला तीन दिवसांनी कळले, इतकाच फरक.

त्यानंतरच्या दिवाळीत आमच्या मराठी मंडळींची घरगुती बैठक ठरली, ‘इथे येऊन आवडलेली एक गोष्ट’ असा विषय निघाला, आणि मी हे गाणे मराठीत करून वाचायचे कबूल करून बसले. आठ दिवसांत होईल असे वाटले होते. दीड महिना लागला. त्या दीड महिन्यात, आपण ज्याचे भाषांतर करतो आहोत ते मुळात घडले कसे हे शोधत मी जोन्सचे आत्मचरित्र वाचले, त्याच्यावरचे पुष्कळ लेखन वाचले, आणि गाणे शेकडो वेळा ऐकले. दुःखाची गाणी दुःखातून आपोआप वाहत येतात असा जो समज मी लहानपणापासून बाळगून होते, तो या काळात गेला. तो गेल्याने गाणे मला आणखी प्रिय झाले.

हे गाणे जोन्सने लिहिलेले नाही. ते लिहिले बॉबी ब्रॅडॉक आणि कर्ली पुटमन या दोघांनी. नॅशव्हिलमध्ये म्यूझिक रो म्हणून जो भाग आहे तिथे संगीत-प्रकाशन कंपन्यांच्या कचेऱ्या आहेत आणि त्या कंपन्यांच्या पदरी गीतकार असतात. दोघांनी वेळ ठरवून एका खोलीत बसायचे, हाताशी गिटार किंवा पियानो घ्यायचा आणि दिवसाकाठी काही तरी जुळवायचे, ही तिथली रीत. ब्रॅडॉक आणि पुटमन हे ट्री या कंपनीचे. १९६८ साली याच जोडीने टॅमी वायनेट या गायिकेसाठी एक गाणे लिहिले होते, ज्यात घटस्फोट घेणारी आई, लहान मुलाला कळू नये म्हणून, घटस्फोट या शब्दाची अक्षरे सुटी सुटी करून म्हणते. ते गाणे गाजले. पुढच्याच वर्षी टॅमी वायनेटचे जॉर्ज जोन्सशी लग्न झाले, आणि १९७५ मध्ये त्या दोघांचा घटस्फोट झाला. म्हणजे ज्या दोन माणसांनी तिला वियोगाचे शब्द दिले होते त्याच दोघांनी काही वर्षांनी त्यालाही दिले, आणि दोन्ही गाण्यांचे ध्वनिमुद्रण करवून घेणारा निर्माताही एकच, बिली शेरिल. लोकांनी जोन्सच्या गाण्यातली ती बाई म्हणजे टॅमीच असे धरले यात नवल नाही. गाणे तिच्यावर लिहिलेले नव्हते. पण आवाजात ती होती की नव्हती, हे कोण सांगणार?

शेरिल अलाबामातला, धर्मोपदेशकाचा मुलगा. गाण्यातला शब्द न् शब्द पारखून घेण्याबद्दल तो प्रसिद्ध होता. ब्रॅडॉक आणि पुटमन यांनी आणलेल्या पहिल्या खर्ड्यांत, जोन्सने आत्मचरित्रात लिहिले आहे त्याप्रमाणे, गाण्यातला माणूस फार लवकर मरत असे. शेरिल त्यांना पुन्हा पुन्हा परत पाठवी: त्याला दुसऱ्या वेळी मारा, आणि ती बाई अंत्यविधीला आली पाहिजे. या गाण्याच्या पुनर्लेखनांनी भरलेली, इंचभर जाडीची एक वही शेरिलपाशी होती म्हणतात. मी भाषांतर करताना या वहीचा विचार फार वेळा केला. तीन मिनिटांचे गाणे आणि इंचभर वही! माणसाला पहिल्याच कडव्यात मारले तर उरलेले गाणे ही त्याच्या आठवणींची यादी होते. ऐकणारा आधीच हळहळून मोकळा होतो आणि पुढचे सगळे त्याला मागे वळून बघावे लागते. शेवटच्या कडव्यात मारले तर ती नुसती क्लृप्ती होते, एखाद्या कोड्याचे उत्तर उलगडावे तशी. त्याने मरायचे ते निम्मे गाणे होत आल्यावर, ध्रुवपदाच्या तोंडावर. म्हणजे आधीचे सगळे प्रेम जिवंत माणसाचे म्हणून ऐकले जाते आणि नंतर तिला यायला जागा उरते.

आणखी एक गोष्ट भाषांतर करताना हाताला लागली. शीर्षकातच सगळे सांगून टाकले आहे. त्याने प्रेम करायचे थांबवले, आणि आज थांबवले. तरीही काहीच कळत नाही, कारण थांबण्याचे कारण सांगितलेले नाही. पहिल्या कडव्यात तो मरेपर्यंतचा शब्द देतो तोही आपण ऐकतो, पण असे शब्द सगळेच प्रेमिक देत असतात, म्हणून तो आपण मनावर घेत नाही. शब्द देणारा माणूस तो अक्षरशः पाळेल हे ऐकणाऱ्याच्या मनात येत नाही. तिच्याही आले नसावे. शिवाय त्या ‘आज’मुळे गाणे सांगणारा मित्र नुकताच त्या घरातून परत आला आहे असे वाटते. आधीची तीन कडवी तो दुरून, तटस्थपणे सांगतो. त्यांत ‘मी’ कुठेही नाही. चौथ्या कडव्यात तो एकदम ‘मी’ म्हणून पुढे येतो आणि आपल्याला समजते की ही वर्षानुवर्षे शेजारी बसून पाहिलेली हकीकत आहे. मराठीत क्रियापदामागे ‘मी’ सहज गळून पडतो. पहिल्या खर्ड्यात मी ‘आज त्याला भेटायला गेलो’ असे लिहिले होते. नंतर ते ‘मी आज त्याच्याकडे गेलो होतो’ असे केले, आणि कडव्याला आपले वजन आले.

तिसऱ्या कडव्यातल्या पत्रांपाशी मात्र मी सर्वांत जास्त दिवस थांबले. पत्रांवर तारीख आहे १९६२ ची. गाणे बाजारात आले १९८० साली. म्हणजे ऐकणाऱ्याने मनात वजाबाकी केली की अठरा वर्षे होतात, आणि गाणे ती वजाबाकी त्याच्यावर सोडते. दुसऱ्या एखाद्या कवीने ‘जुनी, पिवळी पडलेली पत्रे’ म्हटले असते. सालाने जे होते ते पिवळेपणाने होत नाही, कारण साल खरे असते, पाकिटावरच्या शिक्क्यासारखे. आणि त्या पत्रांत जिथे जिथे तिने प्रेमाचे ते तीन शब्द लिहिले आहेत, तिथे तिथे त्याने खाली लाल रेघ ओढली आहे. हे चित्र नीट डोळ्यांसमोर आणावे. रेघ ओढायला पेन शोधावे लागते, पत्र मांडीवर किंवा टेबलावर सपाट धरावे लागते, एकही जागा सुटू नये म्हणून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावे लागते. परीक्षेला बसलेला विद्यार्थी करतो तसे काम त्याने रात्री पलंगावर बसून केले आहे. तो रडला असे कडव्यात म्हटलेले नाही, आणि ते म्हणायची गरजही राहत नाही.

हे सगळे कागदावर. ते स्वरात उतरवण्याचे काम शेरिलच्या स्टुडिओत झाले आणि तिथली पद्धत समजून घेताना मला फार आनंद झाला. नॅशव्हिलच्या स्टुडिओत वाजवणारे वादक ठरावीक तीन तासांच्या पाळीने येत आणि एका पाळीत तीन-चार गाणी उरकत. पाच रेघांवर लिहिलेली स्वरलिपी बहुतेक जण वापरत नसत. कागदाच्या एका तुकड्यावर नुसते आकडे असत, एक, चार, पाच. एक म्हणजे त्या गाण्याचा जो षड्ज असेल त्यावरचा स्वरमेळ, चार म्हणजे मध्यमावरचा, पाच म्हणजे पंचमावरचा. गायकाच्या गळ्याला पट्टी चढी वाटली तर ती उतरवायची. कागद बदलावा लागत नाही. जिने लहानपणी पेटीवर ‘आज काळी दोन, उद्या पांढरी चार’ असे सा सरकवत सरगम शिकली आहे तिला हे नव्याने सांगावे लागत नाही. ही पद्धत जॉर्डनेअर्स या गायकवृंदातल्या नील मॅथ्यूजने बसवली आणि चार्ली मकॉयने ती वादकांमध्ये रुळवली. तोच मकॉय या गाण्यात माउथ ऑर्गन वाजवतो. स्टील गिटारच्या तारांवरून लोखंडी दांडी सरकते, पायाखालच्या पॅडलने स्वर ताणला जातो, आणि जी मींड निघते ती आपल्या कानांना अजिबात परकी वाटत नाही.

शेरिलवर तेव्हा, आणि नंतरही, टीका होत असे की त्याने गावरान कंट्री संगीतावर व्हायोलिनांचे थर चढवले. सर्वसाधारणपणे त्या टीकेत तथ्य आहे असे माझेही मत आहे; साधी गिटार आणि फिडल यांवरची जुनी गाणी मला जास्त जवळची वाटतात. पण या गाण्यात मी शेरिलच्या बाजूने आहे. पहिली कडवी त्याने जवळजवळ मोकळी ठेवली आहेत. ध्रुवपद येते तेव्हा व्हायोलिनांचा समूह खालून वर चढत जातो, आणि माणसाला उचलून नेण्याची ओळ त्याच वेळी येते. चार जणांनी पेटी खांद्यावर घेतल्यासारखे ते उचलणे कानांना जाणवते. पुढे पाठीमागून मिली कर्कहॅम या गायिकेचा उंच, शब्द नसलेला स्वर येतो. ती बाई या गाण्यात एकदाही बोलत नाही. पहिल्या कडव्यात तिचे एक वाक्य मित्राने सांगितले तेवढेच. हा स्वर तिचा आहे असे कोणी कुठे लिहिलेले मला आढळले नाही, पण मला तो तिचाच वाटतो.

आता गाणारा. जोन्सचा जन्म १९३१ साली टेक्ससमध्ये, बिग थिकेट नावाच्या दाट जंगलाच्या मुलखात, साराटोगा गावी झाला. त्याच्या जन्माआधी त्याची थोरली बहीण तापाने गेली होती आणि त्या दुःखाने वडील दारूला लागले. ते रात्री पिऊन येत, झोपलेल्या लहान मुलाला उठवत आणि गायला लावत. गायला नाही तर मार. म्हणजे जिला त्याने कधी पाहिलेसुद्धा नव्हते त्या मुलीची आठवण, वडिलांच्या दारूतून आणि धाकातून, त्याच्या गळ्यापर्यंत पोचली होती. पुढे बोमंट शहराच्या रस्त्यावर हातात गिटार घेऊन तो गायला लागला. तो शब्द दातांखाली धरून ठेवतो, मग हळूच सोडतो. एका अक्षरावर तीन-चार स्वर घेतो. आणि जिथे दुसरा गायक आवाज चढवील तिथे हा खाली, जवळजवळ छातीत उतरतो. आपल्याकडे जागा घेणे म्हणतात ते हेच.

पण १९७९ च्या सुमाराला हा माणूस संपत आला होता. दारू होती, कोकेन होते, दिवाळखोरी झाली होती. ठरलेल्या कार्यक्रमांना तो इतक्यांदा गैरहजर राहिला की ‘नो शो जोन्स’ हेच त्याचे नाव पडले. एकटा असताना तो बदकाच्या आवाजात स्वतःशी बोलत बसे, असे त्याने स्वतःच लिहिले आहे. ते वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले होते. अशा माणसापुढे शेरिलने हे गाणे ठेवले आणि जोन्सला ते मुळीच आवडले नाही. इतके मरणाचे गाणे कोण विकत घेणार, हे त्याचे म्हणणे. त्यात चाल बसेना. तोंडी सारखी क्रिस क्रिस्टॉफरसनच्या एका प्रसिद्ध गाण्याची चाल येई आणि शेरिलला त्याला थांबवावे लागे.

आणि मग ते गद्य. पहिले ध्रुवपद झाल्यावर गाण्यात चार ओळी नुसत्या बोलायच्या आहेत. आपला शाहीर पोवाड्यात मध्येच डफ थांबवून गद्यात हकीकत सांगतो तशी तिथेही जुनी परंपरा आहे. शेरिलने हट्टाने मागितलेला तो प्रसंग इथे आहे: ती येते, अखेरचे दर्शन घ्यायला. येईल की नाही अशी सगळ्यांना शंका होती, पण येते. आणि मित्राच्या मनात सारखे येत राहते की या वेळी मात्र हा हिच्यातून कायमचा बाहेर पडला. एवढेच. सूर नाही, ताल सांभाळायचा नाही, फक्त चार साधी वाक्ये. जोन्सने आत्मचरित्रात लिहिले आहे की पहिले कडवे मुद्रित झाल्यापासून शेवटचे होईपर्यंत सुमारे अठरा महिने गेले, आणि अडले ते या चार ओळींपाशी. प्यालेला असताना तो आयुष्यभर गात आला होता. गाताना जीभ अडखळत नसे. बोलताना मात्र अडखळे, आणि शुद्धीवर असलेला जोन्स त्या काळात शेरिलला सापडत नसे. यावर मी फार विचार केला आहे. सूर माणसाला उचलून धरतो. त्याच्या आधाराने तो कोसळला असतानाही उभा दिसू शकतो. सूर काढून घेतला की फक्त माणूस उरतो. त्या चार ओळींत अखेर जो आवाज मिळाला आहे त्यात काहीही नटवलेले नाही. तो थकलेला आहे, आणि त्याला ही हकीकत सांगून पूर्ण करायची आहे, इतकेच त्यात ऐकू येते.

गाणे एप्रिल १९८० मध्ये निघाले आणि जुलैत कंट्री गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. ग्रॅमी मिळाले, कंट्री म्यूझिक असोसिएशनचा वर्षातल्या उत्तम गीताचा मान त्याला १९८० आणि १९८१ असा लागोपाठ दोन वर्षे मिळाला. तीन मिनिटांच्या गाण्याने आपली चार दशकांची कारकीर्द वाचवली, असे जोन्सने नंतर म्हटले. माणूस वाचायला आणखी बरीच वर्षे लागली. १९८३ मध्ये त्याने नॅन्सीशी लग्न केले. तिने त्याला सावरले. तरीही तो पुरता शुद्धीवर आला तो १९९९ च्या जीवघेण्या मोटार अपघातानंतर.

२ मे २०१३ ला ग्रँड ओल ऑप्री या कंट्री संगीताच्या प्रसिद्ध कार्यक्रमाच्या सभागृहात त्याचा अंत्यविधी झाला आणि दूरचित्रवाणीवर तो थेट दाखवला. आम्ही सात-आठ जण कचेरीतल्या जेवणाच्या खोलीत उभे राहून पाहत होतो. शेवटाकडे कंट्री गायक अ‍ॅलन जॅक्सन आला आणि त्याने, समोर जोन्सची पेटी असताना, हेच गाणे म्हटले. आता मला प्रत्येक ओळ कळत होती. ज्या बाईंनी मला पेटीचा अर्थ सांगितला होता त्या माझ्या शेजारी उभ्या होत्या, आणि गद्य भाग सुरू झाल्यावर त्यांचे ओठ हलत होते.

माझ्या भाषांतराचे मात्र ध्रुवपदापाशी अडले होते. ‘तिच्यावर प्रेम करायचे त्याने आज थांबवले’ हे मराठी नाही. मराठीत कोणी असे म्हणत नाही. ‘आज त्याचे प्रेम संपले’ म्हटले तर प्रेमच आटले असा अर्थ होतो. ‘आज तो तिला विसरला’ जवळचे होते, पण हलके होते. आणि एके रात्री भांडी विसळताना मला आपला शब्द आठवला. सुटला.

माझा मामा मिरजेला गेला तेव्हा मी तिथे होते. मामी त्याच्या एकोणीस वर्षे आधी गेली होती. तिचा चष्मा बाहेरच्या खोलीतल्या कोनाड्यात, रेडिओशेजारी असे. मामा सकाळी चहा झाला की खुर्चीत बसून सदऱ्याच्या टोकाने आधी आपला चष्मा पुसायचा आणि मग उठून तिचा पुसायचा. काचेवर तोंडाची वाफ सोडायची, गोल गोल पुसायचे, उजेडाकडे धरून बघायचे आणि परत ठेवायचा, दांड्या भिंतीकडे करून. एकोणीस वर्षांत त्याने मामीचे नाव आमच्यासमोर फारसे घेतले नाही. शेवटचे आठ महिने तो अंथरुणावर होता, तेव्हा तो चष्मा त्याच्या हातात नेऊन द्यावा लागे. तो गेला त्या दिवशी अंगणात बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी कोणी तरी म्हणाले, ‘‘सुटला बिचारा.’’ आजाराला उद्देशूनच ते म्हटले होते. मी मात्र कोनाड्याकडे पाहिले.

या एका शब्दात मरणही आहे आणि मोकळे होणेही. गाण्याने तीन मिनिटे लावून जे उलगडले ते आपली भाषा रोज अंगणात बोलते. मी उठून ध्रुवपदात तो लिहिला: ‘आज तो सुटला.’ रात्रभर मला वाटत होते की जमले. सकाळी वाचून पाहिले तर गाणे तिथेच संपत होते. शब्द ऐकताच मराठी माणसाला सगळे कळते, पुढच्या पुष्पचक्राला आणि खांद्यावरून नेण्याला काही कामच उरत नाही, आणि ती यायच्या आत गोष्ट पुरी होते. माझा माणूस फार लवकर मरत होता. मग मला ती इंचभर वही आठवली. मी ध्रुवपदात ‘आज तिला विसरला तो’ हेच ठेवले, हलके वाटले तरी ठेवले, कारण तिनेच पहिल्या कडव्यात ‘विसरशील’ असे म्हटले होते आणि आता तो तिचे म्हणणे खरे करत होता. आणि ‘सुटला’ हा शब्द खाली नेऊन ठेवला, गद्याच्या अगदी शेवटी, ती दारातून आत आल्यानंतर: या वेळी मात्र तो तिच्यातून कायमचा सुटला.

बैठकीच्या आदल्या रात्री स्वयंपाकघरात उभी राहून मी मोठ्याने वाचून पाहत होते. कडवी नीट म्हणता आली. ते चार ओळींचे गद्य आले आणि शेवटच्या शब्दापाशी आवाज फुटला. पुन्हा घेतले, पुन्हा तिथेच अडले. घड्याळात पाहिले, भारतात सकाळ झाली होती. आईला फोन लावला आणि मामाच्या घरातल्या त्या चष्म्याचे पुढे काय झाले असे विचारले. आई म्हणाली, घर आवरताना तो तिनेच उचलून आणला होता, मामाचाही होता, दोन्ही एकाच डबीत घालून तिच्या कपाटात ठेवले आहेत, आणि डबीचे झाकण नीट लागत नाही म्हणून वरून रबर लावले आहे.